सत्तर मिनिटांत एक ठोका

३ मार्च, मंगळवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅमेऱ्याचं भिंग पुसत होतो.

भिंग कंपनीचं आहे, पण काल बाईंनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाच नंबर तुझा." बाई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका. मोठमोठ्या वाद्यवृंदांचे कार्यक्रम आम्ही टीव्हीसाठी चित्रित करतो. आजवर मी केबली गुंडाळल्या, पेट्या उचलल्या, दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांमागे उभा राहिलो. नववीतून शाळा सुटलेल्या मुलाला स्वतःचा कॅमेरा मिळेल असं आमच्या घरी फक्त मामाला वाटायचं.

आणि योग असा की पाच नंबर मंचाच्या मागच्या कोपऱ्यात, तालवाद्यांच्या समोर लागणार आहे. तिथे मामा बसतो. मामा झांजा वाजवतो. हा कार्यक्रम झाला की तो निवृत्त होणार.

भिंग पुसत असताना मामा आला आणि म्हणाला, "वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढ रे."

"तुला हात नाहीत का?"

"आहेत. पण तुझे नवे आहेत."

काढून दिला. निवृत्ती अजून व्हायची आहे, आणि याने आळस आत्तापासूनच सुरू केला.

४ मार्च, बुधवार

या वेळी जी सिंफनी आहे ती सत्तर मिनिटांची आहे. लिहिणारा मरून शंभरावर वर्षं झाली. दुसरा भाग फार संथ आहे, कोणीतरी एकटाच लांबचा चढ चढतोय असा. व्हायोलिनं वर वर जात राहतात, हॉर्न त्यांच्या खालून त्यांना ढकलतात, आणि जिथे यापुढे चढायला जागाच नाही असं वाटतं तिथे झांजा वाजतात. एकदाच. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. त्या एका ठोक्यासाठी मामा संध्याकाळभर काळा कोट घालून बसतो.

"बसायचे पैसे मिळतात मला," तो सगळ्यांना सांगतो. "ठोका फुकट देतो."

आज सगळ्या कॅमेऱ्यांना आपापल्या शॉटची यादी मिळाली. चित्रणाच्या वेळी तळघरातल्या खोलीत आमचे मास्तर स्वरलिपी पुढे घेऊन बसतात. स्वरलिपीतले खाने, म्हणजे तालाचे सारखे तुकडे, ते आमच्या हेडफोनमध्ये मोठ्याने मोजत जातात, म्हणजे कोणतं वाद्य कधी येणार ते आम्हाला आधी कळतं. त्यांच्या मोजण्यावर बाई कॅमेरे बदलतात. माझ्या यादीत ठोक्याच्या खान्याभोवती बाईंनी लाल गोल काढलाय आणि लिहिलंय, "पाच. चेहरा आणि झांजा. इथे चूक चालणार नाही."

मामाला दाखवलं. तो म्हणाला, "चेहरा कशाला? झांजा पुरे."

६ मार्च, शुक्रवार

रागाने लिहितोय, म्हणून अक्षर बिघडलंय. शुद्धलेखन तरी बिघडू देणार नाही.

ठोका रद्द.

वाद्यवृंदाच्या संचालकांना सगळे मागे छडीवाले म्हणतात. बाहेरून आलेत, दोन आठवड्यांसाठी. आज तालमीच्या सुरुवातीलाच ते म्हणाले, "दुसऱ्या भागातला झांजांचा ठोका आपण घेणार नाही. मूळ हस्तलिखितात तो नव्हता. मागाहून एक चिटोरं चिकटवलंय, आणि त्याच्यावर कोणीतरी 'ग्राह्य नाही' असं लिहून ठेवलंय. मला मूळ हवं आहे."

सगळ्यांनी मागे वळून मामाकडे पाहिलं. नगारेवाल्यांनी तर मान खाली घातली. मला वाटलं आता मामा उठेल. बोलेल. इतकी वर्षं या कोपऱ्यात बसलाय, एवढा तर हक्क आहे.

मामा म्हणाला, "बरं."

एवढंच! बरं! जणू कोणी खिडकी लावू का विचारलं होतं.

कोणाच्या तरी आजोबांच्या काळातलं चिटोरं आणि त्यावर कोणी तरी खरडलेले दोन शब्द, यासाठी माझ्या मामाने शेवटच्या कार्यक्रमात सत्तर मिनिटं फर्निचरसारखं बसायचं. आणि मी ते चित्रित करायचं.

घरी आल्यावर मामा शीळ घालत होता. दोनदा वाढून घेऊन जेवला. आई त्याच्याकडे बघून हसली. मी ताटावरून उठलो.

"याला काय झालं?" मामाने विचारलं.

"तुझा अपमान झोंबलाय त्याला," आई म्हणाली.

मामा हसला. मला त्या दोघांचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. काही माणसं अपमान गिळतात आणि वर ढेकर देतात.

८ मार्च, रविवार

आई शिवणाचं काम घरीच करते. आज मशीनवर मामाचा काळा कोट होता. तिने उजव्या बाहीची बगल उसवली होती आणि आत जादा कापडाची कळी घालत होती.

"जाडा झालाय का तो?" मी विचारलं.

"झाला असेल."

"मग डाव्या बाहीला नको का?"

"तू तुझा कॅमेरा बघ," ती म्हणाली आणि मशीन जोरात चालवलं.

मामाच्या खोलीत मलमाचा वास होता आणि तो भिंतीला पाठ लावून, शेकायची पिशवी घेऊन बसला होता. मी म्हटलं, "असं बसून काय होणार? जाऊन बोल त्यांच्याशी. तू नाही बोललास तर मी बोलेन."

"त्यांना त्यांचं संगीत कळतं."

"आणि तुला?"

"मला कळतं कधी गप्प बसायचं."

"भित्रा आहेस तू," मी म्हणालो.

हे मी म्हणायला नको होतं. पण म्हणालो, आणि लिहितोही आहे, कारण मला अजून तसंच वाटतं. त्याने पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली आणि म्हणाला, "दार ओढून घे जाताना."

९ मार्च, सोमवार

मी बाईंकडे गेलो.

रात्री झोप आली नव्हती. काय बोलायचं ते मनात चार वेळा पाठ केलं होतं, पण त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं विसरलो. शेवटी एवढंच म्हणालो, "बाई, ठोका गेला तर तुमचं चित्र गेलं."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"एक म्हातारा माणूस कधीपासून बसलाय. काही करत नाही. बघणारा विचार करतो, हा इथे कशाला? मग तो उठतो. सावकाश. झांजा उचलतो. अजून वाजवत नाही. बघणारा श्वास धरतो. आणि मग. त्यानंतर पुन्हा कधीच नाही. असं चित्र तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार?"

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, "हे तू आधी का नाही बोललास? तीन वर्षं पेट्या काय उचलतोयस?"

दुपारी त्या छडीवाल्यांच्या खोलीत गेल्या. दार बंद होतं, पण बाईंचा आवाज दाराला जुमानत नाही. बाहेर आल्या तेव्हा जमलं म्हणून माझ्याकडे बघून अंगठा वर केला. छडीवाले मागून म्हणत होते, "ठीक आहे, ठीक आहे. पण चित्र निदान नीट आलं पाहिजे."

येईल. माझ्या हातून येईल.

१० मार्च, मंगळवार

घरी सांगितलं. मला काय अपेक्षा होती कोण जाणे. मिठी नाही, पण निदान पाठीवर हात.

मामा खुर्चीत बसला. आईने कात्री खाली ठेवली.

"कोणी सांगितलं होतं तुला?" मामा म्हणाला.

"कोणी सांगायला कशाला हवं?"

"दादा," आई म्हणाली, "आता रे?"

"आता काय? वाजवायचा." तो उठून खोलीत गेला.

आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी घरात चिखलाचे पाय घेऊन आलो. मी म्हटलं, "त्याचा ठोका मी परत आणला. छडीवाल्यांच्या तोंडातून काढून आणला. कोणाला काही आहे का त्याचं?"

"आहे," ती म्हणाली. "खूप आहे." आणि पुन्हा मशीनवर बसली.

या घरात सरळ बोलणारा मी एकटाच आहे.

१२ मार्च, गुरुवार

तालीम. ठोक्याच्या वेळी मामा उठला आणि त्याने झांजा पोटापाशीच, एकमेकींना जेमतेम टेकवल्या. झांजा वाजवल्या की लगेच उघडून वर धरायच्या असतात, तोंड लोकांकडे करून, म्हणजे आवाज कोंडत नाही, फुलतो. हे मामानेच मला लहानपणी शिकवलं, भांड्यांची झाकणं घेऊन. आणि आज त्याने झाकण ठेवल्यासारखा आवाज केला.

छडीवाले म्हणाले, "शनिवारी असा नको."

"शनिवारी नाही," मामा म्हणाला.

तो मुद्दाम करतोय. माझ्यावरचा राग ठोक्यावर काढतोय.

त्याच्या शेजारी एक नवी मुलगी आहे, ट्रँगल वाजवते. सगळे तिला त्रिकोणताई म्हणतात. तालीम संपल्यावर ती मामाच्या झांजांची पिशवी उचलून निघाली. मी म्हटलं, "त्यांच्या झांजा ते नेतील. तुम्ही तुमचा ट्रँगल सांभाळा. जागा रिकामी व्हायला अजून तीन दिवस आहेत."

ती थांबली. "तू दिवसभर भिंगातून बघतोस ना?"

"हो. मग?"

"काही नाही. मला वाटलं भिंगातून मोठं दिसतं."

उद्धट आहे.

१५ मार्च, रविवार. सकाळ

काल कार्यक्रमाच्या दोन संध्याकाळींपैकी पहिली झाली. जसं घडलं तसंच लिहितो. सजवत नाही.

पहिला भाग मी नीट केला. मास्तर हेडफोनमध्ये मोजत होते, माझे सगळे शॉट वेळेवर गेले, बाई एकदा "छान, पाच" असंही म्हणाल्या. दुसरा भाग सुरू झाला. मी कॅमेरा मामावर नेला आणि चेहरा जवळ घेतला. एवढ्या जवळून मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. घरात माणूस टेबलापलीकडून दिसतो, दारातून दिसतो. भिंगात तो थेट समोर होता, कपाळावरच्या घामासकट. अजून तर तो बसलेलाच होता.

मग तो उठला. डावी झांज सहज आली. उजवी आली नाही. त्याने डाव्या हाताच्या मनगटाने उजव्या कोपराला खालून वर लोटलं, मग पुन्हा. शेजारून त्रिकोणताईचा हात आला, पटकन, कोणाला दिसणार नाही असा, आणि तिने त्याचं कोपर उचलून दिलं. कोटाची कळी ताणली गेली. कळी कशाला होती ते मला तेव्हा कळलं. डबा कळला. पिशवी कळली. 'बरं' कळलं. इतकं सगळं एकदम कळलं की मला मास्तरांचे आकडे ऐकू येईनात.

"पाच तयार. चार खाने."

मामाचा चेहरा पांढरा पडला होता. डोळे छडीवर, आणि तोंड उघडं. दात दिसत होते.

"तीन. पाचवर येतोय."

हा चेहरा घराघरांत दिसणार. फ्रेम थांबवून लोक बघणार, बघा हा म्हातारा कसा तोंड वाकडं करतोय. आणि हे सगळं मी मागून घेतलंय, भांडून, बंद दाराबाहेर उभं राहून.

"दोन."

मी कॅमेरा वर केला. हात आपोआप गेले असं लिहिणं सोपं आहे, पण मी केला. मामा चौकटीतून खाली गेला आणि छतावरचे दिवे आले.

ठोका वाजला.

असा ठोका मी आयुष्यात ऐकला नाही. सभागृहाचं छप्पर निघाल्यासारखा. तो संपतच नव्हता. म्हणजे त्याने झांजा वर धरल्या होत्या. दोन्ही. वर. आणि मी दिवे बघत होतो.

"पाच! पाच कुठे गेला? दोनवर जा, दोन, दोन!" बाई ओरडत होत्या. पडद्यावर छडीवाल्यांचे मिटलेले डोळे गेले.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मला तळघरात बोलावलं.

"कॅमेरा सरकला की सरकवलास?"

"सरकवला."

"का?"

मी गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हा शॉट तू मागितलास. तू! मी त्या माणसाशी तासभर डोकं फोडलं तुझ्यामुळे. उद्या पाचवर दुसरा कोणीतरी उभा राहील. तू केबली गुंडाळ."

त्या बरोबर होत्या, आणि मला त्यांना बुक्का मारावासा वाटला.

घरी मामा खुर्चीत होता, हात आईच्या ओढणीने गळ्यात बांधलेला. मी दारातच विचारलं, "खांदा कधीपासून असा आहे?"

"झाले सहा महिने."

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? तू भांडत होतास."

"तू आईला सांगितलंस! त्या त्रिकोणताईला सांगितलंस!"

"त्यांना नाही सांगितलं. त्यांना दिसलं."

आई म्हणाली, "तुझ्यासमोर बसून कळी घातली मी. अजून काय करायचं होतं, पाटी लावायची होती?"

"ठोका रद्द झाला तेव्हा सुटलो होतो मी," मामा म्हणाला. "मानाने सुटलो होतो. छडीवाल्यांनी काढला म्हणून वाजवला नाही, असं झालं असतं. मग तू आलास माझी बाजू घ्यायला. बरं, मग म्हटलं, आता वाजवायचाच. एवढा भांडला पोरगा, बघू दे त्याला. चार दिवस रोज शेकला खांदा. ते सोड. चित्र कसं आलं?"

मी सांगितलं, त्याच्या वाकड्या तोंडासकट.

 मग तो उठला. गळ्यातला हात सोडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून डाव्या हाताने त्याने टेबलावरचा पेला उचलून आपटला. फुटला नाही. माझ्या लक्षात आहे, कारण तो फुटला असता तर बरं झालं असतं.

"तोंड वाकडं झालं माझं? होऊ दे! माझं तोंड आहे! ठोका चुकला का? सांग, चुकला का?"

"नाही."

"मग तू कोण ठरवणारा, मी दिसायचं का नाही? आधी म्हणालास वाजव. विचारलं नाहीस. मग म्हणालास दिसू नकोस. तेही विचारलं नाहीस. मी काय तुझा कॅमेरा आहे, हवा तिकडे फिरवायला?"

"मी तुझ्यासाठी—"

"माझ्यासाठी काही करू नकोस!"

आई पेला उचलून आत गेली. मी अजून जागाच आहे. राग अजून आहे, पण तो कोणाच्या अंगावर टाकायचा ते सापडत नाही. छडीवाले, बाई, त्रिकोणताई, सगळ्यांवर घालून बघितला. कोणालाच बसत नाही.

१६ मार्च, सोमवार

काल दुसरी संध्याकाळ. मामाला हात उचलताच आला नाही. झांजा त्रिकोणताईने वाजवल्या. तो शेजारी तिचा ट्रँगल घेऊन बसला होता, डाव्या हातात, लहान मुलाला खेळणं दिल्यासारखा. हे मी मंचामागच्या बोळातून, पडद्याच्या फटीतून पाहिलं. हातात केबल होती.

तिचा ठोका वेळेवर आला, पण पातळ आला. घाबरली असावी. पाच नंबरवरच्या मिशीवाल्याने मात्र तिला लख्ख टिपलं. बाई खूश झाल्या.

शेवटी टाळ्या संपेनात तेव्हा छडीवाल्यांनी मामाला एकट्याला उभं केलं. त्या वेळी कोणता कॅमेरा त्याच्यावर होता ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायचं हे माझ्या कधी लक्षातच येत नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

दोन संध्याकाळी चित्रित करायच्या आणि जोडून एक कार्यक्रम करायचा, ही आमची नेहमीची पद्धत आहे. शनिवारी हॉर्न घसरला तर रविवारचा घ्यायचा. बघणाऱ्याला जोड दिसत नाही. मी स्वतः या पद्धतीचं कौतुक करत आलोय.

आज मास्तर जिन्यात भेटले आणि म्हणाले, "तुझ्या मामांचा ठोका ठेवलाय हो. आवाज शनिवारचा."

"आणि चित्र?"

ते चष्मा पुसायला लागले.

मी तसाच बाईंच्या खोलीत घुसलो. पडद्यावर तेच चालू होतं. वाद्यवृंद चढतोय, चढतोय, आणि मग त्रिकोणताईचे बारीक गोरे हात, स्वच्छ उजेडात, आणि त्यांतून मामाचा आवाज.

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"सगळंच जोडलेलं आहे. नवीन आहेस का तू?"

"हे हात त्याचे नाहीत. निदान छडीवाल्यांचं तोंड लावा. पण दुसऱ्याचे हात नको."

बाईंनी चित्र थांबवलं. खुर्ची फिरवली. "चित्र तू आणून दिलं असतंस तर लावलं असतं. तू काय आणलंस? दिवे. काय दिवे लावलेस बघायचंय?" आणि त्यांनी खरंच ते लावून दाखवलं. ठोका वाजतो आणि छतावरचे दिवे दिसतात, थोडे हललेले.

आम्ही दोघं बघत राहिलो. ते वाईट दिसत नव्हतं.

"हेच ठेवा," मी म्हणालो.

"छडीवाल्यांनी कालच तिकडून हात मंजूर केलेत. आणि खरं सांगू? दिवे बघून कोणालाही कळणार नाही की तिथे एक माणूस होता. हात बघून निदान कळतं, कोणीतरी होतं."

मी दार आपटून आलो. नंतर परत गेलो आणि दार नीट लावलं, कारण त्याची कडी आधीच ढिली आहे.

१० मे, रविवार

काल टीव्हीवर दाखवला. मामाने त्रिकोणताईला घरी बोलावलं होतं. मला न विचारता. मी म्हटलं, "ती कशाला?" तो म्हणाला, "तिचे हात आहेत, ती येणार."

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती आणि सारखी आईला म्हणत होती, "मला माहीत नव्हतं हो असं जोडणार आहेत ते." आई तिला म्हणत होती, "तू खा गं."

दुसरा भाग आला. मी पडद्याकडे बघत होतो आणि दात आवळत होतो. ठोका जवळ आला तेव्हा माझी नजर मामाकडे गेली. त्याने डोळे मिटले होते. उजवा हात, जेमतेम हलतो तो, मांडीवरून दोन बोटं वर आला.

वाजला. आमच्या लहान टीव्हीतूनही खोली भरली.

मामाने डोळे उघडले. त्रिकोणताई रडायच्या बेतात होती. तो तिला म्हणाला, "हात छान दिसतात तुझे. नखं कापत जा."

"आणि आवाज?" तिने विचारलं.

"आवाजाला काय धाड भरलीय? आवाज माझा आहे."

ती हसली. आई हसली. मी म्हणालो, "तुम्हा लोकांना राग कसा येत नाही?"

"येतो की," मामा म्हणाला. "मी पेला आपटला होता. तू अजून तो हातात धरूनच बसलायस." मग थोड्या वेळाने, पडद्याकडे बघतच, "तुझं ते चित्र आहे कुठे? दिव्यांचं?"

"कंपनीत असेल. कशाला?"

"मला बघायचंय."

"त्यात तू नाहीस."

"दिव्यांच्या आधी आहे की नाही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

१७ मे, रविवार. दुपारी चार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

पाच नंबरच्या त्या तुकड्याची नक्कल मास्तरांनी काढून दिली. बाईंना सांगून. त्यांनी पाचचं भिंगही परत दिलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा, आणि जूनपासून पाचवर परत ये. मिशीवाला चांगला आहे, पण त्याला काही वाटत नाही."

मामाने आणि मी दोघांनीच पाहिलं. तो बसलेला. तो उठतो. डावी झांज. मनगटाने कोपर. त्रिकोणताईचा हात. मग चेहरा जवळ, पांढरा, घामेजलेला, तोंड उघडं, दात.

मला वाटलं तो बघायचं थांबवेल. तो पुढे वाकला.

"अरे, हा तर आमच्या आबांसारखा, तुझ्या आजोबांसारखा दिसतो," तो म्हणाला. "पोतं उचलताना."

मग चौकट हलते, तो खाली जातो, दिवे येतात आणि ठोका वाजतो. तुकडा दिव्यांवर तसाच राहतो, आवाज संपेपर्यंत.

"परत लाव."

परत लावला. या वेळी चौकट हलायच्या आधी त्याने बोट टेबलावर ठेवलं.

"इथे. इथे तू घाबरलास का रागावलास?"

"रागावलो."

"कोणावर?"

मी टेबलावरचं भिंग उचललं आणि पुसायला लागलो. त्यावर धूळ नव्हती. मामा म्हणाला, "बरं," आणि चहाच्या डब्याकडे बोट दाखवलं. मी उठून काढून दिला. डबा आता खालच्या फळीवर ठेवू का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "नको. तू काढ."

हिशोब, मार्च ते मे:

शनिवारचा बिघडवलेला शॉट, पगारातून कापले: १,५००
मामाच्या खांद्याचे डॉक्टर, माझ्याकडून, चार खेपा: ३,२००
तुकड्याची नक्कल, मास्तरांचे द्यायचे बाकी: २००
आईचे उसने, नव्या हेडफोनसाठी, बाकी: ६००
मामाचं देणं: त्याला विचारायचं आहे.